तिसरी ओळ

“आज तू बोलायचं नाहीस,” अण्णा म्हणाले. “मी विचारलं तरच बोलायचं. आणि विचारलं असेल तेवढंच.”

“आणि तुमचं काही चुकत असेल तर?”

“चुकू दे.”

रविवारची सकाळ होती. मार्च संपत आला होता आणि सोलापूरचं ऊन नऊ वाजताच खिडकीच्या गजांमधून आत उतरलं होतं. अण्णांनी आंघोळ करून इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, कचेरीत जाताना घालायचे तसा. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. पुढ्यात टेबलावर संगणक होता, मी काम करायचे त्या कॉलेजच्या ग्रंथालयाने मोडीत काढलेला आणि मी रिक्षातून घरी आणलेला. त्याच्या डाव्या बाजूला जाड कागदाच्या अकरा पट्ट्या होत्या, ब्रेलमध्ये टोचून लिहिलेल्या. पट्ट्यांशेजारी एक पेन ड्राइव्ह. तो हाताला चटकन ओळखू यावा म्हणून पाठवणाऱ्याने त्याला सुतळीची गाठ मारली होती.

पाठवणारे लोंढेकाका, अण्णांचे अंधशाळेतले वर्गमित्र, मिरजेला असायचे. तीन आठवडे दोघं रोज दुपारी तासतासभर फोनवर बोलत होते. मला वाटायचं, रिकामपणाच्या गप्पा चालल्यात. अण्णा मांडीवर ब्रेलची पाटी घेऊन ते बोलणं उतरवून घेत होते, आणि मी कॉलेजात असताना बंद संगणकाच्या कळफलकावर बोटांचा सराव करत होते, हे मला त्या आठवड्यात कळलं.

अण्णा गेले त्याला आता सात महिने झाले. भेटायला आलेल्या माणसांनी त्यांच्याबद्दल खूप काही सांगितलं. त्यांना कचेरीतल्या पाचशे माणसांचे आवाज नुसत्या ‘हॅलो’वरून ओळखता यायचे, दीडदोनशे नंबर तोंडपाठ असायचे, वगैरे. सगळं खरंच होतं. मी ऐकून घेतलं. माझ्या मनात मात्र तो रविवार येत राहतो, आणि त्या रविवारी मी जे केलं तेही. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. अण्णांना पाचव्या वर्षी देवी आल्या आणि त्यात डोळे गेले. एकतीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं. मी बारावीत असताना आई गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. माझ्यावाचून त्यांचं अडायचं असं फारसं काही नव्हतं. भाकरी ते माझ्यापेक्षा गोल थापायचे, बाजार त्यांना पावलांनी पाठ होता. अडायचं एकाच ठिकाणी. मी आठ वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ त्यांना वाचून दाखवत आले होते. आधी वर्तमानपत्र, मग कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं, रशियन पुस्तकांची भाषांतरं. एका उन्हाळ्यात तर आम्ही दोन महिने मधमाश्यांवरचं एक जाडजूड पुस्तक वाचलं. मी आयुष्यात जे काही वाचलं आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त मोठ्यानं वाचलेलं आहे.

आणि त्या रविवारच्या अठरा दिवस आधी मला दिल्लीच्या एका प्रकाशनसंस्थेचं पत्र आलं होतं. ते मराठी पुस्तकांचा विभाग नव्यानं काढत होते, आणि साहाय्यक संपादक म्हणून त्यांनी माझी निवड केली होती. होकार लेखी कळवायचा होता. एकदा फोन करून मी मुदत वाढवून घेतली होती. ती सोमवारी संपणार होती. अण्णांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते ‘जा’ म्हणाले असते. मग मी गेले असते, आणि इकडे रोज संध्याकाळी साडेसात वाजले असते.

म्हणून मी काहीच न ठरवायचं ठरवलं होतं. सोमवार आपला आपण निघून जाईल, एवढंच.

आदल्या रात्री जेवताना मी त्यांना म्हणाले होते, “मी करून देते की अण्णा. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“तू करून दिलंस तर ते तुझं होईल. बिघडलं की तुझी वाट बघत बसायचं.”

“मग बघा की वाट. संध्याकाळी घरी येतेच मी.”

त्यावर ते ताटातली चटणी बोटानं गोळा करत राहिले होते.

पेन ड्राइव्हवर लिनक्स होतं. त्याबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं की संगणक चालवणारी ही सिस्टीम फुकट आहे आणि कुणा एकाच्या मालकीची नाही. लोंढेकाकांचं वाक्य अण्णा पुन्हा पुन्हा सांगायचे: “जगभरच्या लोकांनी मिळून केलीय, त्यात आपल्यासारखे आंधळेही आहेत. पडदा वाचून दाखवणारा आवाज तिच्या पोटातच असतो. डोळसाला हात लावू न देता चढवता येते.” या शेवटच्या वाक्यावर दोघेही मनापासून खूश होते.

“पूर्ण खरं नाही ते,” अण्णांनी त्या सकाळी मला सांगितलं. डावा हात पहिल्या पट्टीवर होता. “सुरुवातीला एक यादी येते, कुठून सुरू करायचं ते विचारणारी. ती मुकी. बोलणारा तोवर उठलेलाच नसतो. तेवढ्या जागी डोळे लागतात. लोंढ्यानं त्याच्या भाच्याचे घेतले, मी तुझे घेणार. पेन ड्राइव्ह कितव्या ओळीवर आहे ते सांगायचं. संपलं तुझं काम.”

त्यांनी पेन ड्राइव्ह चाचपत मागच्या खाचेत बसवला. बटण दाबलं. यंत्र जागं होताना एक बारीक शिट्टी वाजली, आणि ती वाजताक्षणी त्यांचं बोट वरच्या रांगेतल्या बाराव्या कळीवर टकटक पडू लागलं, तारखात्यातल्या माणसासारखं. पडदा निळा झाला. त्यावर चार ओळी आल्या. तिसऱ्या ओळीवर पेन ड्राइव्हचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं.

“आली यादी?”

“आली.”

“सांग. कितवी?”

मी ‘तिसरी’ म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्याच वेळी मला दिसलं की हा एक आकडा मी उच्चारला की पुढचं सगळं होणार. हे यंत्र बोलू लागणार, अण्णा ते शिकणार, कारण हातात घेतलेलं काही त्यांनी अर्धवट सोडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मग उद्या सोमवारी माझ्याकडे न जाण्याचं काहीही कारण उरणार नव्हतं. मला दिल्लीची भीती वाटत होती. हे आज लिहिता येतं. तेव्हा मी स्वतःलाही सांगत होते की मला अण्णांची काळजी वाटते.

“दिसत नाहीये, अण्णा.”

“म्हणजे?”

“पेन ड्राइव्ह यादीतच नाहीये.”

त्यांचं बोट बाणाच्या कळीवर टेकलेलं होतं.

“नीट बघितलंस?”

“हो.” आणि विचारलेलं नसताना मी पुढे म्हणाले, “खराब निघाला असेल. लोंढेकाकांना सांगू दुसरा पाठवायला. चार-पाच दिवसांत येईल.”

“हं.” त्यांनी यंत्र बंद केलं. “भूक लागलीय. चुरमुरे आहेत ना? त्यांचा सुशीला कर. शेंगदाणे हात सैल सोडून घाल. आणि घाई करू नकोस.”

मी स्वयंपाकघरात गेले. चुरमुरे पाण्यात टाकले, कांदा चिरायला घेतला. बाहेरून परत ती बारीक शिट्टी ऐकू आली, मग टकटक. मग काहीच नाही. मी सुरी थांबवली. सीडीच्या कप्प्याची घरघर झाली, यंत्र कशाची तरी वाट बघून गप्प झालं. अण्णांनी ते बंद केल्याचा खटका आला.

पुन्हा शिट्टी. पुन्हा टकटक. फोडणीत मोहरी तडतडत होती म्हणून मी गॅस बारीक केला. एक मिनिट गेलं, दीड गेलं. आणि मग कुणी लाकडी पिंपावर दोन बोटं मारावीत तसे ढोलाचे दोन-तीन हलके ठोके आले.

ते ठोके म्हणजे सिस्टीम उठल्याची खूण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण त्यापाठोपाठ अण्णा हसले, ते मी ओळखलं. आणि त्यानंतर आमच्या घरात एक अनोळखी पुरुष सपाट आवाजात इंग्रजी बोलू लागला.

दोन बशा घेऊन मी बाहेर आले, तेव्हा त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“चालला,” ते म्हणाले.

“कसा?”

“असंच. पहिली ओळ यंत्राची स्वतःची असते. पुढची एकेक करून बघितली.” त्यांनी बशी हातात घेतली, वास घेतला. “लिंबू विसरलीस.”

मी लिंबू आणायला परत आत गेले.

पुढचा अर्धा तास मी त्यांच्याकडे बघत होते. अण्णा काम करताना मी लहानपणी कचेरीत पाहिले होते, स्विचबोर्डाच्या पुढ्यात, कानावर हेडफोन, दहा बोटं दहा दिशांना. निवृत्तीनंतर ते तसे पुन्हा दिसले नव्हते. आज दिसत होते. डावा हात पट्टीवरची टिंबं वाचत पुढे सरके, उजवा कळ दाबे. आवाज काहीतरी म्हणे, अण्णा डोकं तिरकं करून ऐकत, पुन्हा तीच कळ दाबत, पुन्हा ऐकत. एकदा ते चुकीच्या जागी गेले. मला पडद्यावर दिसत होतं की एक पायरी मागे यायला हवं. मी ओठ मिटून घेतले. त्यांना ते कळायला चार मिनिटं लागली. कळलं तेव्हा ते स्वतःवरच चिडले, “अरे गाढवा, मागं जा की,” म्हणाले आणि मागे आले.

एका जागी त्यांचं बोट थांबलं. आवाजानं विचारलं होतं, डिस्कवरचं सगळं पुसून नवं चढवायचं का.

“यावर तुझं काही आहे?”

“नाही.”

“मग पुसू. माणसाला पण विचारायला पाहिजे असं, निवृत्तीच्या दिवशी.” आणि कळ दाबली.

मग त्यानं गाव विचारलं. आणि स्वतःच उत्तर दिलं, कोलकाता.

“कोलकाता नाही रे बाबा, सोलापूर,” अण्णा म्हणाले.

“घड्याळासाठी आहे ते अण्णा. भारताची वेळ त्या शहराच्या नावावर आहे.” विचारलेलं नसताना मी बोलले होते, पण या वेळी त्यांनी चालवून घेतलं.

नाव टाइप केलं. पासवर्डाची पट्टी आल्यावर ते थांबले.

“तोंड फिरव. पासवर्ड टाकतोय.”

मी गंमत म्हणून नुसतीच बसून राहिले.

“खुर्ची वाजली नाही अजून,” ते म्हणाले.

मी खुर्ची फिरवली.

त्यानंतर यंत्र आपल्याच कामाला लागलं. फाइली उतरवून घेत होतं. अधूनमधून किती टक्के झालं ते सांगायचं. तेवढ्यात शेजारच्या शिवलीलाकाकू दारात आल्या, हातात भाजीची परडी.

“काय ओ भाऊजी, सकाळपासून कोण इंग्रजीत बडबडायलाय? पाव्हणे आलेत का साहेब लोक?”

“भाडेकरू ठेवलाय वहिनी.”

“जेवतो का काय?”

“फक्त वीज खातो.”

“मग ठेवा. आमच्याकडं पण एक आहे, जेवतो पण आणि बोलत पण नाही.” काकूंचा रोख त्यांच्या नवऱ्यावर होता. त्या माझ्याकडे वळल्या. “शैला, तू का अशी तोंड पाडून बसलीस?”

“काही नाही काकू. ऊन.”

काकू गेल्या. आवाज म्हणाला, चौतीस टक्के. अण्णांनी खुर्ची माझ्या बाजूला वळवली.

“तिसरी ओळ होती,” ते म्हणाले.

मी बशीतला चमचा फिरवत राहिले.

“शैलू.”

“हो. तिसरी होती.”

“मला माहीत होतं तुला दिसतीय.”

“कसं?”

“‘दिसत नाहीये’ म्हणायच्या आधी तू श्वास घेतलास. खरं सांगणारा माणूस आधी सांगून टाकतो, श्वास मागनं घेतो. एकतीस वर्षं ‘साहेब जागेवर नाहीत’ असं सांगणाऱ्यांना लाइन जोडून दिलीय मी.”

पंख्याखाली एक पट्टी उडून खाली पडली होती. मी ती उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवून ती कितवी ते बघितलं आणि क्रमानं लावली.

“आमच्या कामात एक नियम होता,” ते म्हणाले. “लाइनवर कानावर पडलेलं लाइनवरच ठेवायचं. घरी आणायचं नाही, कुणाला बोलायचं नाही, ज्याचं आहे त्याला तर मुळीच नाही. साहेबाच्या बायकोचं ऑपरेशन असो नाहीतर कुणाची बदली असो. तुझ्या आईलाही कधी काही सांगितलं नाही. चिडायची ती.” ते थांबले. “आज पहिल्यांदा मोडतोय. परवाच्या मंगळवारी तू गॅलरीत फोनवर बोलत होतीस. दिल्लीला.”

“तुम्ही ऐकलंत?”

“गॅलरीचं दार उघडं होतं. कान काय मिटता येतात? तू त्यांना म्हणालीस, वडील एकटे आहेत, त्यांना दिसत नाही, म्हणून मला जरा वेळ द्या.”

“खोटं होतं का ते?”

“सगळं खरं होतं. एकटा आहे. दिसत नाही. फक्त ‘म्हणून’ खोटं होतं.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला तो ओळखीचा नव्हता. “मला राग आला शैलू. माझ्या जन्मात लोकांनी मला पुष्कळ काय काय केलं. बिचारा केला, ओझं केला, एका मामानं तर लुळ्या-पांगळ्यांच्या रांगेत नेऊन बसवला देवळाबाहेर. त्यातून मी निघालो. आता शेवटी माझ्याच मुलीनं मला कारण करावं? मी कुणाचं कारण व्हायला तयार नाही.”

आवाज म्हणाला, एक्केचाळीस टक्के.

“तुम्हाला वाचून कोण दाखवणार?” मी विचारलं. अठरा दिवस माझ्याजवळ हा एकच प्रश्न होता.

“हा.”

“याचा आवाज पत्र्यासारखा आहे.”

“तुझा काय मधाचा होता? आठ वर्षांची होतीस तू. जोडाक्षर आलं की रस्ता क्रॉस करायला थांबल्यासारखी थांबायचीस. झाली मला सवय. याचीही होईल.”

“हा वाचेल, पण त्याला काही कळणार नाही अण्णा. कुठं थांबायचं, कुठं हळू वाचायचं.”

“नाही कळणार.” त्यांनी मान हलवली. “पण हा गाळणार नाही.”

“म्हणजे?”

“आई गेल्यावर तू मरणाची पानं गाळायला लागलीस.”

ते खरं होतं. पुढे पान उलटताना मला आधीच कळायचं की आता इथे कुणीतरी मरणार, आणि मी दोन पानं एकदम उलटायचे. पहिल्यांदा स्वतःसाठी केलं होतं. मग ते त्यांच्यासाठी आहे असं मला वाटू लागलं. दहा वर्षं मी हे करत होते आणि ते कुणाला कळलेलं नाही, अशी माझी खात्री होती.

“तुम्हाला कसं कळलं?”

“तुझ्या पुस्तकांतनं माणसं अचानक नाहीशी व्हायला लागली. चांगली बोलत, जेवत असायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जमिनीची वाटणी. मी म्हटलं, ही काय पद्धत नवीन लेखकांची?” ते हसले, आणि मलाही हसू आलं. मग ते म्हणाले, “मी बोललो नाही. तुला वाचवत नव्हतं, म्हणून तू गाळत होतीस. पण मला ती पानं पाहिजे होती. तुझी आई गेली तेव्हा मला नेमकं तेच वाचायचं होतं, की बाकीची माणसं हे कसं करतात. आणि घरात वाचणारी तू एकटी.”

साठ टक्के झाले, सत्तर झाले. पुसायच्या कपड्यानं त्यांनी टेबलाची कड पुसली. मी बशा उचलल्या. त्यांच्या बशीत चार शेंगदाणे बाजूला ठेवलेले होते, खवट.

बाराच्या सुमारास आवाजानं सांगितलं की काम पूर्ण झालं आहे, पेन ड्राइव्ह काढून घ्या. अण्णांनी सुतळीची गाठ चाचपली, पेन ड्राइव्ह ओढून काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. यंत्र पुन्हा सुरू झालं. आता त्याला कुणाच्या डोळ्यांची गरज नव्हती. मराठी वाचणारा आवाज निवडायला आणि मराठी कळफलक जोडायला माझा इंटरनेटचा डोंगल लागला आणि शेवटच्या तीन पट्ट्या. तो मराठी आवाज पहिल्यांदा ऐकून अण्णा म्हणाले, “हा विजापूरकडचा दिसतोय,” आणि त्यांनी लोंढेकाकांना फोन लावून यंत्रासमोर धरला. पलीकडून टाळ्यांचा आवाज आला. मग दोघं काही वेळ एकमेकांना नुसतेच “बघ” “बघ की” म्हणत होते.

जेवण झालं. मी आडवी झाले, झोप लागली नाही. चारच्या सुमारास अण्णांनी हाक मारली.

“ये. पत्र लिहायचंय.”

त्यांची पत्रं मीच लिहायचे. पेन्शनच्या कचेरीला, बँकेला, मिरजेला. ते सांगायचे, मी लिहायचे. सवयीनं मी वही-पेन घेऊन आले. ते कळफलकापुढे बसलेले होते, दोन्ही तर्जन्या बरोबर उंचवट्याची खूण असलेल्या कळांवर.

“ते ठेव,” ते म्हणाले. “तू सांगायचं. मी लिहिणार.”

“कुणाला?”

“दिल्लीला.”

मी उभीच होते.

“नको असेल तर नकार सांग,” अण्णा म्हणाले. “नकारही टाइप करीन मी. पण उत्तर जाऊ दे. गप्प बसून सोमवार घालवायचा नाही. तुझा मेल उघड. पासवर्ड टाक, मी तोंड फिरवतो.” आणि त्यांनी खरोखरच खुर्ची खिडकीकडे फिरवली.

मी बसले. मेल उघडला. खुर्ची परत आली.

“आदरणीय महोदया,” मी म्हणाले.

त्यांनी एकेक अक्षर टाइप केलं. प्रत्येक अक्षर यंत्र मोठ्यानं उच्चारत होतं. दोन शब्दांना दोन मिनिटं लागली.

“आपले पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण माझे वडील…”

बोटं थांबली. “हे मी टाइप करणार नाही.”

“मग उशिराचं काय कारण देऊ?”

“खरं ते दे. भीती वाटत होती.”

“असं कोण लिहितं अण्णा, नोकरीच्या पत्रात?”

“मग काहीच देऊ नको. ‘उशिराबद्दल क्षमस्व.’ पुढं.”

पुढचं वाक्य माझ्याच तोंडून यायचं होतं. ते थांबून होते. घाई करत नव्हते, मान तिरकी नव्हती, मदत करण्याचा कसलाही भाव चेहऱ्यावर नव्हता. कुणीतरी नंबर सांगेल आणि आपण तो जोडू, एवढीच तयारी. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मी खिडकीकडे पाहिलं आणि परत त्यांच्याकडे पाहिलं. पाचव्या वर्षापासून उजेड न पाहिलेला हा माणूस सकाळपासून एका यंत्राशी झगडला होता, माझ्या खोट्याला वळसा घालून गेला होता, आणि आता माझा नकारसुद्धा अक्षर न अक्षर टाइप करायला तयार होता.

“आपण देऊ केलेले काम मी स्वीकारत आहे,” मी म्हणाले. श्वास मागून घेतला. “मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रुजू होईन.”

त्यांनी टाइप केलं. ‘स्वीकारत’मध्ये ते दोनदा चुकले. पुसून पुन्हा लिहिलं. मग सही सांगायला मी तोंड उघडलं, तर तोवर त्यांनी ती लिहायला घेतलीही होती: शैला काशिनाथ बिराजदार.

“ऐक आता,” ते म्हणाले, आणि यंत्रानं सगळं पत्र पहिल्यापासून वाचून दाखवलं. मी माझा होकार पहिल्यांदा असा ऐकला, विजापूरकडच्या त्या सपाट आवाजात, कुठेही न थांबता, कुठेही हळू न होता.

“काही बदलायचंय?”

“नाही.”

“मग पाठव. ते बटण तुझं तू दाब.”

मी दाबलं.

“गेलं?”

“गेलं.”

अण्णांनी मान हलवली. मग दोन-तीन कळा चाचपून त्यांनी वर्तमानपत्राचं पान उघडलं, रविवारच्या पुरवणीतला एक लांबलचक लेख शोधला आणि आवाज सुरू केला. कुणा वनस्पतिशास्त्रज्ञाच्या शेवटच्या आजारपणाबद्दलचा लेख होता. मी सवयीनं शेजारच्या खुर्चीत सरसावून बसले होते. एक परिच्छेद झाला. त्यांनी आवाज थांबवला.

“तू काय करतीयस इथं?”

“ऐकतेय.”

“नको. जा आत. दार ओढून घे.”

“का?”

“वाचतोय मी,” अण्णा म्हणाले.

मी उठले आणि दार ओढून घेतलं.